तिमाजी नाईक सांधेकर कोटाबाहेर राहिले ते वर्तमान

॥ श्री ॥ जो घटाघटांत नांदतो आणि कोणाचे नजरेस येत नाही त्यास आधी नमस्कार, मग थोरल्या व धाकट्या दोन्ही दौलतींस नमस्कार, मग वाचणारांस. शके सोळाशे सहासष्ट, रक्ताक्षी नाम संवत्सर, ते साली एका राज्यात काय जाहले हे आपण पुसिले, ऐसियास जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. इतकेच सांगतो की राज्य लहान, इतके की सुईचे अग्रावर अशी पाच-पंचवीस राज्ये बसून वर जागा उरावी. हल्लीचे शहाणे लोक अशा राज्यास पेशी म्हणतात. परंतु लहान म्हणून कोणी हिणवू नये. पेठा, कारखाने, भट्ट्या, गोदामे, दूतांची ये-जा, रुसवेफुगवे, सर्व काही यथास्थित होते, आणि मानपान तर जरुरीहून काकणभर जास्तच होता.

राज्याचे मधोमध बालेकिल्ला, त्यास कोट दुहेरी, एकात एक, आणि कोटास दरवाजे बहुत. आत मूळ पोथी, जीत राज्याची सर्व विद्या लिहिलेली. ती बाहेर न्यावयाची नाही ही वडिलांपासून चालत आलेली शिस्त. बाहेर जावयाच्या त्या नकला. नकला पेठेत जात, आणि पेठेतील कारागीर नक्कल वाचून तीबरहुकूम माणसे घडवीत, आणि जो ज्या कामाचा तो त्या कामी रवाना होई. म्हणजे आतील पोथीवाचून बाहेर माणूस घडेना, आणि बाहेर घडलेल्या माणसावाचून आतील पोथी कोणी उघडेना की सांधेना. तेव्हा अवघे राज्य दरवाजांवर चालले होते म्हटले तरी खोटे नव्हे. आता दरवाजे म्हणावे तर त्यांस फळ्या नाहीत, अडसर नाही, कुलूप नाही. अष्टकोनी चौकट, आणि तीत चोहोंकडून सुटे धागे लोंबत, एकमेकांत गुंतत आणि सुटत. पाणी, मीठ, साखर, आणि अंगाने किरकोळ मनुष्य ही त्या धाग्यांतून सहज निघून जात. थोर अंगाचा मनुष्य मात्र शिरू लागला की अडके, आणि जितका जोर करी तितका मागे ढकलला जाई. त्यास भोई लागत. भोयांचे अंग त्या धाग्यांचे सलगीचे. ते धागा धरीत, सोडीत, दुसरा धरीत, आणि ओझ्यासुद्धा पलीकडे निघून जात. परंतु भोई कोणाचे तोंड पाहत नसत. ज्यास किल्ल्यात चाकरी त्याचे अंगरख्यास घडतानाच एक तांबडा गोंडा विणलेला असे. भोई तो चाचपीत, आणि हातास लागला की उचलीत. लागला नाही तर आपण पदवी सांगा, सात पिढ्या सांगा, भोई ढिम्म.

बरे, उचललेले ओझे ठेवावे कोठे, हे भोयास कसे कळे, तर मशालीवरून. पोथीपाशी बसून मशाली पेटविणारा एक कामगार होता, म्हणून आत मशाली पेटत्या. आणि कोटाचे बाहेरचे अंगास एक फुंकऱ्या बसलेला असे, तो बाहेर आलेली मशाल विझवी. भोई ओझे घेऊन आला आणि पेटती मशाल धरलेला मशालजी समोर आला की ओझे खाली ठेवी आणि त्यास घेऊन बाहेर परते. आतून बाहेर नेणारे भोई निराळे. त्यांची रीत उलटी. ते पेटत्या मशालीचा मशालजी जोडीस आल्याखेरीज ओझ्यास हात लावीत ना, आणि बाहेर मशाल विझताच तेथेच ठेवीत. कोणी एकाने हैबती भोयास पुसिले, "बाबा, हे आत की बाहेर, तुला समजते तरी का?" त्याने सांगितले, "दिवा हाय तर आत, न्हाई तर भाईर. आमाला कशाला हवं जास्तीचं?" आणि खरेच आहे, एवढ्यावर राज्य चालत होते.

तिमाजी नाईक सांधेकर हे या राज्यातील थोर अंगाचे गृहस्थ. पेठेत घडले, भोयांनी आत आणिले, आणि पोथीचे सांधे जोडण्याचे काम त्यांजकडे आले. पोथी कागदाची नव्हे. लांबच लांब दुपदरी धागा, त्यावर सर्व मजकूर. धागा कोठे तुटला, किंवा नवी प्रत करिताना कोठे फट राहिली, की तिमाजींनी तेथे बसून टोकास टोक जोडावे. हात असा सफाईचा की पाहणाराने वाहवा करावी. परंतु हे काम एकट्याचे नव्हे. धाग्याभोवती कड्यासारखा हात घालून तो स्थिर धरणारी एक बाई होती, सगुणाऊ कडेकरीण. तिने एका हाताने धागा वेढावा, दुसऱ्या हाताने तिमाजींचे मनगट धरून नेमके फटीवर आणावे, आणि मग त्यांनी जोडावे. बोलणे दोघांचे कामापुरते. "नाईक, इकडे." "आलो." "धरलंय." "झाले." तारीफ होई ती सांध्याची, म्हणजे तिमाजींची, धरणाराची तारीफ करण्याचे कोणास सुचत नसते. सगुणाऊस याचे वाईट वाटे की काय ते तिचे तिला ठाऊक, तिने कधी बोलून दाखविले नाही.

तिमाजींचे मनात मात्र एक सल होता. किल्ल्यात कोठे बैठक बसली की कोणीतरी म्हणावे, "हे पेठेतले," आणि तिमाजींचे कान तांबडे व्हावे. वास्तविक पाहता म्हणणाराही पेठेतच घडलेला. परंतु जो आधी आला तो मागाहून येणारास बाहेरचा म्हणतो, हा रिवाज लहान राज्यांत आहे तसाच मोठ्यांतही असेल. तिमाजी आपला तांबडा गोंडा उपरण्याखाली झाकून बसत. त्यांस वाटे, या गोंड्याने आपण ओळखू येतो.

अशात किल्ल्याचा कारभार निळो मल्हार यांजकडे आला. मनुष्य वाईट नव्हे. हुशार, टापटिपीचा, आणि अंगाने इतका किरकोळ की वारा आला तर खांब धरावा. हे पूर्वी भट्टीखान्यात होते. भट्टीखाना म्हणजे राज्यास ऊब आणि बळ पुरविणारे घर, त्यासही कोट दुहेरीच. तेथील रीत अशी की आत येणाराचे अंगावरील खूण उंबऱ्यावरच कातरून घ्यावी, कारण भट्टीखान्याचा कोट विरत नाही, एकदा आतला तो जन्माचा आतला. निळो मल्हारांनी किल्ल्यात येऊन पाहिले तो जो तो गोंडा लोंबवीत हिंडतो आहे. त्यांस हे अव्यवस्थेचे वाटले. त्यांनी कचेरी भरवून सांगितले, "पोहोचल्यावर वाटखर्चीची पिशवी कोणी गळ्यात बांधून ठेवितो काय? गोंडा बाहेरच्याची खूण. आपण आतले. ज्यांची चाकरी मानाची त्यांचे गोंडे आधी कातरू." आणि यात त्यांचा लबाडीचा हेतू काडीचाही नव्हता. ते स्वतः किरकोळ अंगाचे, दरवाजातील धाग्यांतून चालत येत, चालत जात. भोयाचे खांद्यावर ते जन्मात बसले नव्हते, म्हणून गोंडा ही शोभेची वस्तू असे ते खऱ्या मनाने समजत होते. मानाचे यादीत तिमाजींचे नाव पहिले निघाले, आणि तिमाजींस आकाश ठेंगणे जाहले.

त्या समयी राज्य भरत आले होते. पोथीची दुसरी प्रत करण्याचे काम चालले होते, आणि सांधेकरांस श्वास घेण्यास फुरसत नव्हती. सर्व सांधे होत आले, उत्तर अंगाची एक फट राहिली. सगुणाऊने धागा वेढून धरिला आणि मनगटासाठी हात पुढे केला, तो तिमाजी उठून उपरणे झटकीत होते. ती म्हणाली, "नाईक, हे एवढं राहिलंय." तिमाजी म्हणाले, "कचेरीत बोलावणे आहे, मान घेऊन येतो, मग जोडू. फट काही पळून जात नाही." ती म्हणाली, "आणि गोंडा कातरून घेणार खरंच?" "घेणार. तुम्हीही घ्या." सगुणाऊ हसली. म्हणाली, "मला बाई भीती वाटते. घरात आल्यावर जोडा काढावा, पाय काढू नये." तेव्हा तिमाजींचे तोंडून एक वाक्य गेले, जे जायला नको होते. ते म्हणाले, "ज्यास बाहेरचे म्हणून राहावयाचे त्याने खुशाल राहावे." ती धागा धरून बसून राहिली आणि तिमाजी कचेरीत गेले. तेथे विडे जाहले, अत्तर जाहले, निळो मल्हारांनी भट्टीखान्यातून आणिलेल्या रुप्याचे कातरीने आपले हाताने गोंडा कातरला आणि तबकात घालून तिमाजींस परत दिला, आणि तिमाजींनी तो कमरेच्या शेल्यात खोवला. मग दुसऱ्या मानकऱ्यांचे गोंडे कातरले, मग भाषणे जाहली, आणि भाषणे आटोपण्यापूर्वी नगारा वाजला.

तो नगारा कशाचा हे कित्येकांस उमगले नाही, कारण मागील खेपेस जे होते त्यांपैकी फार थोडे उरले होते आणि उरलेल्यांचे कोणी ऐकत नव्हते. या राज्याची रीत अशी की राज्य भरले म्हणजे त्याची दोन राज्ये व्हावयाची, थोरली दौलत आणि धाकटी दौलत, आणि एक-एक पोथी ज्याची त्यास. आणि वाटणी निर्वेध व्हावी म्हणून बालेकिल्ल्याचा कोट उतरवावयाचा. शत्रू नाही, तोफ नाही. चिरा चिऱ्यापासून आपोआप सुटला, चौकटी निखळल्या, दुहेरी भिंत धुके विरावे तैसी विरली, आणि आतले व बाहेरचे सर्व लोक एके जागी जाहले. पोथ्या आवळून गच्च बासनांत बांधल्या गेल्या, त्यांत बोट शिरेना. तिमाजी धावत आले, उत्तर अंगाचे बासनास हात घालून पाहिला, परंतु धरावयास जागाच नव्हती. मग दोर आले, बासने दोहोंकडे ओढली गेली, गर्दीचा लोंढा आला, आणि तिमाजी त्या लोंढ्याबरोबर धाकट्या दौलतीत वाहत गेले. जी प्रत धाकट्या दौलतीस आली तीतच ती फट होती. हे त्यांस पक्के ठाऊक होते.

मग दोर सुटले आणि स्थिरस्थावर होऊ लागले. मशालींचा उजेड पोथीभोवतीच होता, आणि कोट बांधणारे जेथे उजेड तेथे भिंत घालीत, त्याप्रमाणे पोथीस वेढून नवा दुहेरी कोट पाहता पाहता चढला, त्यात चौकटी बसल्या, धागे लोंबले. मग भोयांचे काम सुरू जाहले. सर्वत्र पांगलेले किल्लेकरी त्यांनी शोधावे, गोंडा चाचपावा, उचलावे, आत न्यावे. एकेक मनुष्य तिमाजींचे डोळ्यांदेखत गेला. हैबती भोई तिमाजींपाशी आला, अंगरखा चाचपला, आणि पुढे निघाला. तिमाजी म्हणाले, "हैबती, अरे मी! सांधेकर! आत फट उघडी आहे, टोके विसकटली तर पोथीचे पान जाईल!" हैबती म्हणाला, "नाईक असाल वो. पर हाताला काय लागना." तेव्हा तिमाजींस शेल्यातील गोंडा आठवला. त्यांनी तो काढून पुढे केला. हैबतीने चाचपला, त्याचा चेहरा उजळला, म्हणाला, "ह्यो काय, हाय की!" आणि गोंडा उचलून खांद्यावर घातला आणि धाग्यांतून आत घेऊन गेला. तिमाजी हात पसरून तेथेच उभे राहिले.

इतक्यात निळो मल्हार वाटेने आले. त्यांनी तिमाजींस पाहून मोठ्या अगत्याने म्हटले, "नाईक, बाहेर का खोळंबलात? या की, वाट मोकळीच आहे," आणि दोन धागे बाजूस सारून सहज आत गेले. त्यांचे मागोमाग तिमाजींनी अंग घातले आणि धाग्यांनी त्यांस असे मागे लोटले की ते उताणे पडले. निळो मल्हार आतून म्हणाले, "काय झाले?" मग ते पुन्हा बाहेर आले, पडलेल्या तिमाजींकडे पाहिले, कोटाकडे पाहिले, आणि कातर त्यांचे कमरेस होती तीवर त्यांचा हात गेला, आणि त्यांचे तोंड उतरले. म्हणाले, "नाईक, मला हे ठाऊक नव्हते हो." तिमाजी म्हणाले, "मला असायला हवे होते. मी खांद्यावर बसून आलो होतो."

पेठेत मोडखान्याचे शिपाई फिरत असतात. ज्यास ठिकाण नाही, काम नाही, त्याचे पाठीस ते लाखेचा ठिपका लावतात, आणि ठिपक्यांची माळ जाहली की त्यास मोडखान्यात नेऊन सुटे करितात आणि त्या जिनसांतून नवे माणूस घडते. यात क्रूरपणा नाही, राज्याची काटकसर आहे. मानकऱ्यांपैकी कित्येक असे गेले. तिमाजींचे पाठीसही ठिपका लागला. ते कोटाचे भिंतीस टेकून बसले. मरणाचे भय त्यांस वाटलेच, न वाटावे इतके ते साधुपुरुष नव्हते. परंतु त्याहून जास्त त्यांस ती फट दिसत होती, टोके सुटी, आणि आपण विडा खात बसलो होतो. त्यांस रडू आले, आणि त्यांनी ते आवरले नाही.

तो सगुणाऊ आली. तिचे अंगरख्यावर गोंडा शाबूत होता, आणि तिचे मागे एक भोई कुरकुरत चालला होता, "बाई, कितींदा उचलू आन् कितींदा खाली उतरताय? चला की आत." ती तिमाजींस शोधीत अवघी धाकटी दौलत हिंडली होती. तिमाजींनी तिला पाहून तोंड फिरविले. म्हणाले, "बाई, तुम्ही जा. धागा तरी धरून ठेवा." सगुणाऊ म्हणाली, "नुसता धरून काय करू? मला सांधता येतं होय?" तिमाजी म्हणाले, "माझ्या अंगावर खूण नाही. मला कोणी नेणार नाही." ती म्हणाली, "तुम्हाला न्यायला कोण सांगतंय? मला नेतील. तुम्ही मनगट द्या." तिमाजी म्हणाले, "मी तुम्हांस बाहेरचे म्हणालो होतो." "म्हणालात. मला लागलं ते. पण तो हिशेब मागाहून. फट उघडी आहे नाईक, हात द्या."

मग तिमाजींनी मनगट पुढे केले, आणि तिने धरिले, आणि तिची बोटे तेथे अशी बसली की जणू मधे काही घडलेच नाही. भोयाने गोंडा चाचपला, लागला, उचलले, आणि म्हणाला, "आज बाई लई जड झाल्या." चौकटीत धागे तिमाजींचे अंगास झोंबले, मागे ओढू लागले, एकदा तर अवघे अंग उलटे फिरले, परंतु भोई धागा धरीत होता, सोडीत होता, दुसरा धरीत होता, आणि सगुणाऊने मनगट सोडिले नाही. पूर्वी पहिल्या खेपेस ते असेच आले होते, परंतु तेव्हा त्यांनी भोयाकडे पाहिलेही नव्हते. आता त्यांस प्रत्येक धागा कळला. मग समोर पेटती मशाल आली, भोयाने दोघांस खाली ठेविले, आणि मशालजीचा हात धरून, घाम पुशीत, तो बाहेर निघून गेला.

पोथीचे बासन सैल जाहले होते आणि उत्तर अंगाची टोके विसकटू लागली होती, परंतु मजकूर अजून गेला नव्हता. सगुणाऊने धागा वेढिला. म्हणाली, "नाईक, इकडे." तिमाजी म्हणाले, "आलो." टोके विसकटलेली, म्हणून पहिल्याने जुळले नाही, दुसऱ्यानेही नाही. ती म्हणाली, "घाई नाही. मी सोडत नाही." मग तिसऱ्याने जुळले. मग पाठीवरचा ठिपका एका ओळखीच्या मनुष्याने खरवडून काढिला, आणि निळो मल्हारांनी कातर आपण होऊन भट्टीखान्यात परत पाठविली, आणि हुकूम केला की किल्ल्यात कोणाचा गोंडा कातरू नये, आणि का कातरू नये हे प्रत्येक नव्या माणसास सांगावे. जे मानकरी मोडखान्यात गेले त्यांचे नाव घेताना ते पागोटे उतरवून ठेवीत.

तिमाजींस गोंडा पुन्हा मिळाला नाही. तो घडतानाच विणावा लागतो, मागाहून शिवता येत नाही. म्हणून पुढे राज्य भरत आले की लोक सामानसुमान आवरू लागत, आणि तिमाजी सर्व सांधे पुरे करून, नगारा होण्याचे आधीच, सगुणाऊपाशी जाऊन मनगट देऊन बसत. पेठेतून नवा आलेला एक गृहस्थ हे पाहून बुचकळ्यात पडला आणि त्याने पुसिले, "नाईक, आपण आतले की बाहेरचे?" तिमाजी म्हणाले, "ते भोयांस विचारा. मी बाईंच्या सोबतचा."

एकूण वर्तमान इतके की कोट उतरला, पुन्हा चढला, बहुत लोक आत गेले, काही राहिले, आणि धाकट्या दौलतीचे पोथीत एक फट राहणार होती ती राहिली नाही. सांधा जुळला तो दोघांचे हातांनी. पोथीत हे कोठे लिहिलेले नाही, म्हणून येथे लिहिले.